देवरे मॅडमचा जावई

नाशिकच्या आमच्या कॉलेजात देवरे मॅडमचा धाक विद्यार्थ्यांपेक्षा वस्तूंना जास्त होता. विद्यार्थ्यांचं काय, ते तीन वर्षांनी सुटून जातात. वस्तूंना सुटका नव्हती. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत कुठलीही नवी वस्तू आली की मॅडम ती आधी सरळ वापरून बघायच्या आणि मग फिरवून. तराजू आला तर वजन आधी डाव्या पारड्यात, मग उजव्या. मोजपट्टी आली तर आधी या टोकाकडून, मग त्या टोकाकडून. एकदा सुताराने नवं टेबल आणून ठेवलं, तर ते अर्धं फिरवून पुन्हा तिथंच ठेवायला लावलं. सुतार म्हणाला, "मॅडम, टेबल चौकोनी आहे, काय फरक पडणार?" मॅडम म्हणाल्या, "टेबल डगमगतंय का फरशी, तेवढं कळेल." फरशी निघाली. सुताराला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण बिचारा टेबल उचलून इतका दमला होता की चहासुद्धा न घेता निघून गेला.

बाजारातही तेच. गणेशवाडीला भाजी घ्यायला गेल्या की वांग्यांची पिशवी काट्याच्या एका कोपऱ्यात ठेवायला लावायच्या, मग दुसऱ्या. भाजीवाली म्हणायची, "मॅडम, वांगी कशी बी फिरवा, वांगीच राहनार."

"वांग्यांवर माझा संशय नाही गं बाई. काट्यावर आहे."

भाजीवाली रागवायची नाही. उलट मॅडमची पाठ वळली की पुढच्या गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायची, की आपला काटा कॉलेजच्या मॅडमनी तपासेल हाय.

मी त्या कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. मूळच्या सटाण्याकडच्या, शेतकऱ्याघरच्या. अंगाने काटक, उंचीला बेताच्या, सुती साडी, पदर कायम कमरेला खोचलेला, जणू आता कुणाशी तरी कुस्ती आहे. वर्गात बोलायच्या ते स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. राग आला की मात्र गावाकडची अहिराणी बाहेर पडायची. "हाई काय शे?" एवढं कानावर आलं की मुलं दप्तरं उचलून जिन्याकडे निघायची. लग्न केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये एका आगाऊ माणसाने कारण विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एकदा मला बघायला आले होते. पोहे झाले, प्रश्न झाले. मी म्हटलं, आता मी पुढच्या रविवारी तुम्हाला बघायला येते. ते काही त्यांच्या डोक्यात बसेना."

हे फिरवून बघण्याचं वेड म्हणजे नुसता चक्रमपणा आहे, असं मला पहिलं वर्षभर वाटत होतं. मग पंख्याचं भांडण झालं. स्टाफरूममध्ये गणिताचे एक सर आणि इतिहासाच्या एक मॅडम समोरासमोर बसायचे. सरांना पंखा हवा, मॅडमना नको. सर म्हणायचे, बाईंचा स्वभावच किरकिरा. बाई म्हणायच्या, सरांना दुसऱ्याची पर्वाच नाही. प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. अर्ज झाले, प्रतिअर्ज झाले. देवरे मॅडमनी एक दिवस दोघांच्या खुर्च्यांची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी दुपारी इतिहासाच्या मॅडम पंखा लावा म्हणत होत्या आणि गणिताचे सर मफलर शोधत होते.

"भांडण माणसांत नाही, खुर्चीत आहे," देवरे मॅडम म्हणाल्या. "एकीच्या मागे पश्चिमेची खिडकी, दुसरी बरोबर पंख्याखाली. पण जागा बदलल्याशिवाय हे कळणार कसं? तोवर आपण स्वभावाला शिव्या घालत बसणार."

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं आणि ते त्या कुणालाही, कुठेही ऐकवायच्या: आधी आपण किती खोटं बोलतो ते मोजावं, मग दुसऱ्याचं मोजायला जावं. पेपर तपासताना मी एखाद्या मुलाच्या नावाने बोटं मोडायला लागलो, की हे वाक्य माझ्या टाळक्यात बसायचं. फार राग यायचा. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

आता त्यांच्या पेटीबद्दल सांगतो, कारण ती पेटी नसती तर मॅडम एक विक्षिप्त बाई म्हणून निवृत्त झाल्या असत्या आणि मीही हे लिहायला बसलो नसतो.

पेटीचं शास्त्रीय नाव पोलरिमीटर. दुर्बिणीच्या मागे बसवायची. उजेड एखाद्या गोष्टीवर आपटून येतो तेव्हा तो एका बाजूला कललेला असतो. ओल्या रस्त्यावरची तिरीप विशिष्ट गॉगलमधून बघितली की नाहीशी होते, ती त्यामुळेच. लघुग्रह म्हणजे आकाशात फिरणारे दगड, त्यांना स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा उजेड त्यांच्यावर आपटून आपल्याकडे येतो आणि येताना थोडा कलून येतो. किती कललाय हे मोजलं की वरची माती पिठासारखी आहे का वाळूसारखी, काळी आहे का पांढुरकी, हे घरबसल्या समजतं. गंमत अशी की सूर्य, पृथ्वी आणि तो दगड जवळजवळ एका ओळीत आले, की हा कल उलट्या बाजूला जातो, म्हणजे आकडा उणे येतो. मॅडमना तो उणे आकडा हवा होता. आपल्या हाताने केलेल्या पेटीतून, आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून, एका ठरावीक दगडाचा, ज्याचा हा आकडा तोवर कुणी नीट घेतलेला नव्हता.

त्या दगडाला नुसता क्रमांक होता. मॅडमनी त्याचं नाव जावई ठेवलं. आमच्याकडे अधिकमास आला की लेक-जावयाला धोंड्याचं जेवण असतं. तीन वर्षांनी एकदा येणार, आधी महिनाभर घर डोक्यावर, आला की चार घास खाणार आणि निघून जाणार. "हाही तसाच," त्या म्हणायच्या. "काही वर्षांतून एकदा आपल्या दुर्बिणीला दिसेल इतका जवळ येतो. या जानेवारीत येणार. पुढच्या वेळी येईल तेव्हा मी सटाण्याला कांदे निवडत असेन." त्याच वर्षी मे महिन्यात मॅडम निवृत्त होणार होत्या. म्हणजे एकच खेप. चुकली तर चुकली.

पेटीचा सांगाडा अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये तयार झाला. मालक जाणता माणूस, पण त्याला गिऱ्हाईक काय करणार हे समजल्याशिवाय लेथ चालू करवत नसे. त्याने विचारलं, "मॅडम, हे काय मोजणार?"

"दगड."

"म्हणजे वजन?"

"नाही. त्याचा पृष्ठभाग कसा आहे ते."

"मग हात लावून बघा की," तो म्हणाला. मॅडमनी त्याला दगड किती लांब आहे ते सांगितलं. तो म्हणाला, मग डिलिव्हरी थोडी उशिरा झाली तर चालेल ना.

पेटीत मुख्य दोन वस्तू. एक स्फटिक, तो एका ताऱ्याचे शेजारी-शेजारी दोन ठिपके करतो. दोन्ही ठिपके सारखे तेजस्वी असले तर उजेडाला कल नाही, एक कमी एक जास्त असला तर आहे. पण फरक उजेडातच आहे, का पेटीची एक बाजूच आंधळी आहे? म्हणून स्फटिकाच्या आधी एक फिरणारी चकती. ती फिरवली की दोन ठिपक्यांची अदलाबदल होते. मॅडमनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे पंख्याखालच्या खुर्च्या." त्या इतक्या खूष झाल्या की माझ्यासाठी पगारे मामांकरवी समोसा मागवला. पगारे मामा हे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. सज्जन गृहस्थ, पण स्वच्छतेचे कट्टर. दिसेल ते पुसायचे. मॅडमनी त्यांना पेटीपासून चार हात लांब राहण्याची शपथ घातली होती.

पेटी तयार झाली आणि तिची सत्त्वपरीक्षा सुरू झाली. दुपारी गच्चीवर नेऊन ती निळ्या आकाशाकडे लावायची, कारण सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश चांगलंच कललेला उजेड देतं, फुकटात. एकदा प्राचार्य वर आले. भर उन्हात आम्ही दोघं दुर्बीण लावून बसलेलो. ते म्हणाले, "काय जाधव, मॅडम तुम्हाला दिवसा तारे दाखवतायत वाटतं." मी म्हटलं, "रोजच, सर."

संध्याकाळी ताऱ्यांवर तपासणी. ज्यांच्या उजेडाला कल नाही असे ठरलेले तारे असतात. त्यांना मॅडम शून्याचे तारे म्हणायच्या. आणि ज्यांचा कल जगाने मोजून ठेवलाय असेही असतात. पेटीने शून्याच्या ताऱ्यांना चोख शून्य दिलं. मॅडमनी मला पेढा दिला. मग कल असलेले तारे लावले आणि बोंब झाली. एका ताऱ्याचा आकडा बरोबर आला, दुसऱ्याचा कमी, तिसऱ्याचा आणखी कमी. जास्त कधीच नाही.

"खोटं बोलत नाही," मॅडम पेटीकडे बघत म्हणाल्या, "पण खरं पुरतं सांगत नाही. मधेच कुणीतरी खातंय."

मग चोर शोधणं सुरू झालं. पहिला संशय धुळीवर. कुंभमेळ्याच्या तयारीत सगळं शहर खणून ठेवलेलं, गच्चीवर दळण सांडल्यासारखी धूळ. तारेही जरा जाडसर, पुसट दिसत होते, तेही धुळीच्या नावावर गेलं. मग चकती फिरवणाऱ्या मोटारीवर. मग कॅमेऱ्यावर. मग माझ्यावर. मी गच्चीवर आलो की आकडे बिघडतात का, हे बघायला मॅडमनी मला दोन दिवस खाली बसवलं. आकडे तसेच. "तुम्ही निर्दोष आहात," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

एवढ्यात जानेवारी उजाडला आणि जावई दाराशी आला. चोर सापडेपर्यंत थांबणार कोण? मॅडम म्हणाल्या, घेऊ तसंच, हिशेब मागून लावू. रोज रात्री आम्ही गच्चीवर. ढग आले की मॅडम वर बघून अहिराणीत असं काही बोलायच्या की ढगांनी ऐकलं असतं तर ते पेठ-सुरगाण्याच्या पलीकडे पळाले असते. फेब्रुवारी सरता सरता दगड दूर गेला, कोन वाढला, उणे आकड्याचा हंगाम संपला. आकडे आमच्याकडे ढीगभर होते. त्यातला खाल्लेला भाग किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवसांत मी पहिल्यांदा मॅडमच्या घरी गेलो, इंदिरानगरला. पाय ठेवला आणि मला हसू आवरेना. फ्रिजच्या दारावर कंपनीचं पारदर्शक प्लास्टिक तसंच, कोपरे पिवळे पडलेले. टीव्हीचा रिमोट पिशवीत. सोफ्याला कव्हर, कव्हरावर प्लास्टिक. बसलो की चर्र आवाज. मिक्सरवरच्या बटणांवरसुद्धा तो पातळ पापुद्रा होता.

"मॅडम, हे काढत का नाही?"

"काढलं की वस्तू जुनी व्हायला लागते," त्या सहज म्हणाल्या. "आमच्या दादाच्या ट्रॅक्टरच्या सीटवर अजून आहे." तसं बघायला गेलं तर अर्ध्या नाशकात प्रत्येक घरात हेच. आमच्या स्वतःच्या वॉशिंग मशीनवर आहे. बायकोला विचारा.

मार्चमध्ये मॅडमनी ठरवलं, पेटीतला प्रत्येक भाग एकेक करून फिरवायचा. प्रयोगशाळेत कललेल्या उजेडाचा दिवा लावून, दिवसभर. स्फटिक फिरवला, कॅमेरा फिरवला, खोबणी फिरवल्या. काही नाही. शेवटी उरली पेटीच्या तोंडावरची काच. धूळ आत जाऊ नये म्हणून लावलेली साधी, पण चांगल्या दर्जाची, बाहेरून मागवलेली.

मी म्हटलं, "मॅडम, ती नुसती काच आहे. काच काय फिरवायची?"

"नुसती आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि काच चौकटीसकट एक अष्टमांश फिरवली. पडद्यावरचा आकडा धाडकन बदलला.

मॅडमनी काच बाहेर काढली, लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरली, कारण त्याचा उजेड मुळातच कललेला असतो, वरून पोलरॉइडचा तुकडा धरला. काचेत जांभळा आणि हिरवा रंग उमटला, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. काचेत रंग येत नाहीत. असे रंग ताणलेल्या प्लास्टिकमध्ये येतात, हे मॅडमनी या वर्षीच्या मुलांना, त्यांच्या आधीच्यांना आणि त्यांच्याही आधीच्यांना प्लास्टिकची फूटपट्टी धरून शिकवलेलं होतं. त्यांनी काच डोळ्याजवळ नेली. कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा होता. कंपनीने काचेच्या दोन्ही बाजूंना संरक्षक पापुद्रा लावून पाठवलेला. एक बाजू मॅडमनी काढलेली. दुसरी, ओरखडे पडू नयेत म्हणून, नंतर काढू म्हणून, राहिलेली.

आता सगळं समजत होतं. कललेला उजेड या पापुद्र्यातून जाताना त्याचा कल गढूळ होत होता. पापुद्र्याच्या ताणाच्या दिशेने आलेला सुखरूप पोचायचा, आडवातिडवा आलेला अर्धाच. शून्याच्या ताऱ्याकडे कलच नव्हता, तर खाणार काय? उपाशी घरी उंदीर काय खाणार, तसं.

पगारे मामा मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, प्लास्टिक राहिलंय व्हय. थांबा, मी काढतो," म्हणत त्यांनी अंगठ्याचं नख पुढे केलं. मलाही तेच वाटलं. चोर सापडला, ओढून काढू, सुटलो.

"हात मागं घ्या." मॅडमचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. नकळत मीही नेले.

मॅडम स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "जावई येऊन गेला, जाधव. दोन महिने मी त्याला प्लास्टिकमधून बघत होते. सगळे आकडे यातून आलेत. हे काढलं तर पेटी चांगली होईल, पण त्याचं खरं काय होतं ते कधीच कळणार नाही. हे जिथं चिकटलंय, जसं चिकटलंय, तसंच राहिलं, तरच याला विचारता येईल की बाबा, तू किती खाल्लंस." मला त्यांची फार दया आली. साऱ्या जगाला आधी आपलं खोटं मोजायला सांगणारी बाई, आणि तिच्याच पेटीच्या तोंडावर तिच्याच घरच्या सवयीचा पापुद्रा. दुसरं कुणी असतं तर मी पोट धरून हसलो असतो. मॅडमच म्हणाल्या, "हसा, मोकळेपणाने हसा. मी घरी जाऊन हसणार आहे." पण त्या हसल्या असतील असं मला वाटत नाही.

मग पुढचे दोन महिने आम्ही त्या प्लास्टिकची सेवा केली. एका वेगळ्या दिव्यासमोर, माहीत असलेला कल देऊन, प्रत्येक कोनात, प्रत्येक रंगाच्या गाळणीतून ते किती खातं ते मोजायचं. एप्रिलचं ऊन, पंखा बंद, कारण वाऱ्याने पापुद्रा उचलला गेला तर? कपाटावर मॅडमनी स्वतःच्या हाताने पाटी लावली: प्लास्टिक काढू नये. येणारे-जाणारे वाचायचे आणि सहानुभूतीने मान हलवायचे. आपल्याकडे ही पाटी कुणाला खटकत नाही.

खटकली ती तपासणीला आलेल्या समितीला. कॉलेजचा दर्जा ठरवायला बाहेरगावचे तीन विद्वान आले होते. प्राचार्य त्यांना आमची पेटी दाखवायला घेऊन आले, आमच्या विभागाची शान म्हणून. समितीतल्या थोराड साहेबांनी वाकून काच बघितली आणि त्यांना तो बुडबुडा दिसला. ते प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "उपकरण नवंकोरं दिसतंय. अहो, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. म्हणजे वापरच नाही ना?" आणि हसत हसत त्यांनी बोट पुढे केलं.

मॅडमनी त्यांचं मनगट धरलं. हलकं नाही, चांगलं घट्ट, शेतातल्या बाईने बैलाचा कासरा धरावा तसं. प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी भिंतीवरच्या वेळापत्रकात तोंड घातलं.

"मॅडम, हात सोडा," साहेब म्हणाले.

"सोडते. आधी तुम्ही मागं व्हा. साहेब, ते प्लास्टिक नाही. ती माझी चूक आहे आणि तिचा पंचनामा अजून चालू आहे. पुराव्याला हात लावू नका."

साहेब मागे झाले. मॅडमनी हात सोडला आणि खुर्ची दिली. त्यानंतर त्यांनी त्या माणसाला सगळं सांगितलं, जावयापासून मोहरीएवढ्या बुडबुड्यापर्यंत, स्वतःला कुठेही न वाचवता. मग त्याच्याच हाताने चकती फिरवून घेतली, त्यालाच आकडे वाचायला लावले. जेवण थंड होत होतं, प्राचार्य दारातून खुणा करत होते. साहेबांनी कोट काढून ठेवला होता. जाताना ते म्हणाले, "आमच्या घरी ओव्हनवर आहे अजून." अहवालात आमच्या विभागाबद्दल चार शब्द बरे आले. मनगटाचा उल्लेख नव्हता.

मे सरता सरता हिशेब लागला. खाल्लेला भाग परत मिळवला, आणि जावयाचा आकडा उणे आला. पण त्याच्या पुढची अनिश्चितता मोठी होती. कसं असतं, उंदराने खाल्लेलं धान्य उंदराच्या वजनावरून काढायचं, तर अंदाज ढोबळच येणार. मॅडमनी शोधनिबंध लिहिला आणि त्यात सरळ लिहिलं की लेखिकेच्या दुर्लक्षामुळे प्रवेशकाचेवर संरक्षक प्लास्टिक राहिलं होतं. परीक्षकाने सौजन्याने सुचवलं, की याऐवजी 'अनपेक्षित गुणधर्म असलेला एक प्रकाशीय घटक' म्हणता येईल. मॅडमनी कळवलं, प्लास्टिक म्हणा.

तो छापून येण्याआधी पुण्याला एका सभेत त्यांनी तो वाचला. मी बरोबर होतो. मागच्या रांगेतून एक तरुण शास्त्रज्ञ म्हणाला, "मॅडम, हे संशोधन आहे का प्रायश्चित्त?" सभागृह हसलं. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही. एक चुकलं तर दुसरं उपयोगी पडेल." सभागृह पुन्हा हसलं, पण परतीच्या बसमध्ये त्या संगमनेरपर्यंत निबंधाची पानं चाळत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "आकडा खरा आहे का, एवढंच मला पाहिजे होतं हो. नाव नको, काही नको. आता दुसरा कुणी मोजेपर्यंत कळणार नाही. आणि दुसरं कोण मोजतंय?"

सुट्टीमुळे पावसाळ्यापर्यंत लांबलेल्या निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि प्राचार्यांनी त्यांच्या शिस्तीबद्दल भाषण केलं. त्यांनी माझ्या हातात पेटीच्या कपाटाची किल्ली दिली आणि सटाण्याकडे, भावाच्या मळ्यात राहायला गेल्या. फोनवर कधी बोलणं व्हायचं. कांद्याचे भाव, गुडघे, पाऊस. जावयाचा विषय त्या काढत नव्हत्या आणि माझी काढायची हिंमत नव्हती.

दिवाळीच्या आधी परदेशातल्या एका गटाचा शोधनिबंध माझ्या वाचनात आला. मोठी दुर्बीण, नवी यंत्रणा, आणि बऱ्याच लघुग्रहांच्या लांबलचक तक्त्यात आमचा क्रमांक. त्याच जानेवारीतला. मी आकडा बघितला, मग मॅडमचा निबंध काढून तो बघितला, मग पुन्हा हा. छापून घेतलं आणि मोटारसायकल काढली. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

मळ्यात पोचलो तेव्हा दुपार होती. कांद्याच्या चाळीसमोर सात-आठ बाया बसून कांदे निवडत होत्या, कोंब आलेले एकीकडे, चांगले एकीकडे. मॅडम त्यांच्यातच, पदर कमरेला, कपाळावर घाम. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "पेटी ठीक आहे ना?" मी ठीक आहे म्हटलं आणि कागद पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला. त्यांना समजावायला लागणार नव्हतंच. बोट तक्त्यावरून खाली खाली गेलं आणि आमच्या क्रमांकावर थांबलं.

बोट तिथंच राहिलं. ओठ हलत होते, वजाबाकी चालली होती. दोन आकड्यांत जो फरक होता तो त्यांच्या अनिश्चिततेच्या पावपटसुद्धा नव्हता. मग मॅडमचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्या रडायला लागल्या, लपवालपवी न करता, लहान मुलीसारख्या. बाया निवडायच्या थांबल्या. एक म्हणाली, मॅडमले कांदा लागना व्हई. नुसते निवडताना कांदा कुणालाच लागत नाही, हे त्या बाईला चांगलं माहीत होतं.

चाळीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे थोरले भाऊ गोण्या शिवत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय व्हयनं वं?"

"दादा, मना आकडा बरोबर शे."

"मंग रडस कसाले?"

मॅडमनी चष्मा काढला, कागद छातीशी धरला.

"इतला दिन धीर धरेल व्हता," त्या म्हणाल्या.